खिळेवाल्यांची गाडी

कॉलेजनं म्हाताऱ्याला फसवलं आणि म्हाताऱ्यानं मला. क्रम हाच आहे, आणि दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत झाल्या आहेत. तो गेल्यापासून गावात त्याच्याविषयी फार गोड बोललं जातं. मी तसं बोलणार नाही. मला तो आवडायचा, एवढं मात्र आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतील, यानं मेलेल्या माणसावर डूख धरला. डूख आहे, पण तो जिवंत माणसांवर.

मिशिगनमधलं आमचं गाव लहान आहे. एक कॉलेज, एक मोठा रस्ता आणि त्या रस्त्याच्या उतारावर माझं हार्डवेअरचं दुकान. आपले मराठी डॉक्टर-इंजिनिअर लोक राहतात ट्रॉय शहरात, इथून दोन तासांवर. त्यांच्यासारखा मी डिग्री घेऊन आलेलो नाही. मी आयटीआयचा टर्नर. डेट्रॉईटच्या एका कारखान्यात आठ वर्षं लेथवर उभा राहिलो, मंदीत लेऑफ झाला, तेव्हा हे बुडत चाललेलं दुकान घासाघीस करून घेतलं. मागच्या शेडमध्ये लेथ आणि वेल्डिंग टाकलं. बाजूला कपडे धुवायचं लाँड्रोमॅट आहे, समोर रस्त्यापलीकडे वृद्धाश्रम.

म्हातारा मला पहिल्यांदा दिसला तो भर रस्त्यात. हातात दोन पुरुष उंचीची काठी, काठीच्या टोकाला लाल फडकं. ती सरळ उभी धरून तो रस्त्याच्या मधोमध चालत होता. वर तार आली, सिग्नल आला, मेपलची फांदी आली की थांबायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा. मागं पाच-सहा गाड्या खोळंबलेल्या. शेवटी पोलीस आला. म्हणाला, "प्रोफेसर, काही हरवलंय का?"

"साडेचार इंच," म्हातारा म्हणाला. "त्या सिग्नलखाली मला साडेचार इंच कमी पडतायत."

कॉलेजात तो जुनं इंग्रजी साहित्य शिकवायचा. अंगानं काटकुळा. जूनमध्येसुद्धा तपकिरी ओव्हरकोट. डाव्या खिशात उकडलेली अंडी, उजव्या खिशात त्यांची टरफलं. बोलता बोलता समोर जे असेल त्यावर अंडं फोडायचा. माझ्या काउंटरवर फोडलं, कॉलेजच्या अध्यक्षांच्या टेबलावर फोडलं, एकदा चर्चच्या बाकावर. मोटारींचा कारभार चालणाऱ्या या राज्यात त्याच्याकडे मोटार नव्हती, आणि तो कुणाच्या मोटारीत बसायचाही नाही. माणसांना त्यांच्या नावानं कधी हाक मारायचा नाही. बेकरीवाल्याला "बेकर", न्हाव्याला "बार्बर". मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नाव आईबापानं फुकट दिलेलं असतं. धंदा माणसानं स्वतः कमावलेला असतो." मला हे पटलं. तसंही या देशात माझं नाव कुणाला धड उच्चारता येत नाही. त्यानं मला "खिळेवाले" म्हटलं, त्यात मला मान वाटला.

मी खिळेवाला कसा झालो, तो सौदा सांगतो. एका सकाळी तो दुकानात आला आणि खिळ्यांच्या मांडणीसमोर वीस मिनिटं उभा राहिला. एकेक खिळा उचलून टोक बोटावर टेकवून बघायचा. मला वाटलं, चोर तरी असावा नाहीतर वेडा.

"सर्वांत मोठा केवढा आहे?" त्यानं विचारलं.

मी दाखवला आणि भाव सांगितला. तो म्हणाला, "मला खिळा नकोय. मला खिळेवाला हवाय."

मग तिथंच उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या काही शहरांत उन्हाळ्यातल्या एका सणाला बायबलमधली सगळी कथा, जग निर्माण झाल्यापासून ते जगाच्या शेवटापर्यंत, गाड्यांवर व्हायची. एका गाडीवर एक प्रसंग. गाड्या माणसांनी ओढायच्या. ठरलेल्या थांब्यावर थांबायचं, नाटक करायचं, पुढच्या थांब्यावर जायचं. मागून दुसरी गाडी हजर. बघणारा आपल्या दारातच उभा राहायचा आणि सगळी कथा त्याच्यासमोरून निघून जायची. हे करणारे नट नव्हते. गावातले कारागीर करायचे आणि ज्याला जे शोभेल ते त्याच्याकडे. जहाजं बांधणारे नोहाची नाव करायचे. बेकरीवाले येशूचं शेवटचं जेवण करायचे. आणि येशूला क्रुसावर ठोकायचं काम खिळे बनवणाऱ्यांकडे.

"आणि आपल्या गावात खिळे तुम्ही विकता," तो म्हणाला.

"मी हिंदू आहे," मी म्हणालो.

"बरं मग? तेव्हाचे खिळेवाले काय संत होते?"

मी सरळ भावावर आलो. मी गाडी बांधणार, माणसं आणणार, खिळे माझे. मला काय मिळणार? तो म्हणाला, गर्दी. एकूण थांबे सात. मी म्हणालो, त्यातले तीन माझ्या दुकानासमोर. तो म्हणाला, "खिळेवाले, नाटक पुढं सरकतं, दुकान नाही." बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी एक थांबा ठरला, पण तिसरा. म्हणजे लोक दमलेले नसतील आणि ऊनही चढलेलं नसेल. मी लेखी मागितलं. त्यानं वहीचं पान फाडून लिहून दिलं: "तिसरा थांबा हार्डवेअरच्या दारात. माझा शब्द." खाली सही. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

सही करून झाल्यावर त्यानं खिडकीतून समोरच्या वृद्धाश्रमाकडे बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही नसता मागितलात तरी मी इथंच थांबवणार होतो. ते समोरचे लोक कुठंच जाऊ शकत नाहीत. त्यांना मी सांगून आलोय: तुम्ही येऊ नका, आम्ही येऊ."

म्हणजे सौद्यात त्यानं मला गंडवलंच होतं. आधीच देऊन टाकलेली वस्तू मला विकली होती. पण त्या दिवशी मी हसलो.

हे वेड त्याला तरुणपणापासून होतं. चाळीस वर्षं त्यानं ते पुस्तकांतून शिकवलं, निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा कॉलेजकडे रस्ता मागितला, म्हणजे गाड्या गावातून न्यायची परवानगी. डीननं चारचौघांत हो म्हटलं. म्हाताऱ्याला नाट्यगृह नको होतं. कुणी स्टेजचं नाव काढलं की म्हणायचा, "देव लोकांच्या दारात यायचा. लोकांनी तिकीट काढून त्याच्याकडे जायचं ही भानगड नंतरची." मला यात नवल वाटायचं नाही. आमच्या खानदेशात कार्तिकात रथ निघतो तो दारोदारच येतो.

आमच्या गाडीवर चार शिपाई. मी, माझ्या शेडमधला पोलिश वेल्डर स्टॅन, आणि शेजारच्या गावचे दोन हार्डवेअरवाले. येशू म्हणून आमचा पोस्टमन. तालीम उघड्यावरच, पाऊस असला तरी. पहिल्याच तालमीत स्टॅन अडला. तो पक्का कॅथलिक. हातोडा उचलला आणि डोळ्यांतून पाणी.

म्हातारा त्याच्या अंगावर ओरडला, "रडायचं बघणाऱ्यांनी! तू कामावर आहेस. भोक नीट पडलंय का बघ. लाकूड ओलं आहे का बघ." मग आवाज खाली आणून म्हणाला, "देवाला मारायला राक्षस लागत नाहीत, वेल्डर. काम उरकून घरी जायची घाई असलेली चार माणसं पुरतात."

त्यानंतर आम्ही तसंच केलं. एकमेकांवर खेकसत, दोर ओढत, कंबर दुखते म्हणून कुरकुरत. मला अभिनय करावाच लागला नाही, मी रोज शेडमध्ये असाच बोलतो. पण त्या वाक्यानंतर आठवडाभर मला हातोडा हातात धरवेना.

गाडी मी शेतावरच्या गवताच्या जुन्या गाडीवर बांधली, क्रुसासकट उंची म्हाताऱ्याच्या काठीपेक्षा पाच इंच कमी, म्हणजे सिग्नलखालून जावी. आस दणकट, चाकं लाकडी, त्यांवर लोखंडी धावा मी स्वतः चढवल्या. खरी अडचण पुढं होती. गाडीला क्रूस आणि माणसं धरून प्रचंड वजन झालं आणि आमचा रस्ता उताराचा. थांबवायची कशी? कोपऱ्यावर वळवायची कशी? मोटारीचे ब्रेक लावायला म्हातारा तयार नाही. जुन्या लोकांनी कसं केलं असेल, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही म्हणे.

मी म्हणालो, "प्रोफेसर, यात काय आहे? मोगरी लावा."

आमच्या रथाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. चाकाशेजारून चालणाऱ्या माणसाच्या हातात लाकडाची जाड पाचर असते, तिला मोगरी म्हणतात. दोन्ही चाकांपुढे सारली की रथ थांबतो. एकाच चाकाला दिली की ते चाक अडतं, दुसरं फिरत राहतं आणि रथ वळतो. माझे मामा मोगरीवाले होते. हाताची बोटं शाबूत ठेवून तीस वर्षं त्यांनी रथ वळवला. मी ओकचा ठोकळा कापून मोगरी केली, मागच्या गल्लीत गाडी उतारावर सोडली आणि उजव्या चाकाला मोगरी दिली. एवढं मोठं धूड कुरकुरत वळलं आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहिलं.

म्हातारा ओव्हरकोटासकट जमिनीवर बसला. चाकाखालची मोगरी काढून मांडीवर घेतली आणि तिच्यावर पडलेल्या धावेच्या खुणेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुमच्याकडे हे अजून चालू आहे?"

"दर वर्षी."

"आणि मी वाचत बसलो होतो," तो म्हणाला.

माझ्या घरी या सगळ्याचं कौतुक नव्हतं. शोभा, माझी बायको, म्हणायची, "अहो, ट्रॉयला सत्यनारायणाला बोलावतात तेव्हा तुम्हाला दुकान सोडवत नाही, आणि इथं येशूला ठोकायला बरा वेळ मिळतो!" ट्रॉयला गेलो की तिथले एक डॉक्टर सगळ्यांदेखत विचारायचे, "काय हो, क्रुसिफिकेशनचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंत म्हणे? लेबर धरून की मटेरियल फक्त?" लोक हसायचे. मी म्हणायचो, "या बघायला. तिसरा थांबा माझ्या दारात आहे." दहा वर्षं मी या देशात माल विकत होतो. पण माझ्या दारात काहीतरी येणार, सगळं गाव येणार, असं कधी झालं नव्हतं. शोभासुद्धा शेवटी नरमली. आदल्या दिवशी तिनं पातेलंभर चिवडा केला, लिंबू सरबताची तयारी केली आणि शटरला आंब्याची नाहीत म्हणून मेपलच्या पानांचं तोरण लावलं.

जूनमधला शनिवार. सकाळी साडेसहाला आम्ही गाड्या घेऊन कॉलेजच्या पार्किंग लॉटमध्ये जमलो. सातच गाड्या, पण सात तर सात. लाकूडवाल्यांची नाव, बेकरीवाल्यांचं जेवण, आमचा क्रूस. नाव पुढं निघाली आणि फाटकापाशी थांबली. फाटकाला साखळी आणि कुलूप. समोर डीन, हातात कागद.

इन्शुरन्स कंपनी रस्त्याला तयार नाही, तेव्हा गाड्या लॉटमध्येच उभ्या राहतील, लोक फिरून बघतील, असं तो म्हणाला. मी म्हणालो, "हे आज सांगताय?"

"आज नाही," डीन म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वी कळवलंय. प्रोफेसरांची सही आहे."

कागद माझ्या हातात दिला. सही तीच, माझ्याजवळच्या कागदावर होती ती.

म्हातारा काठी धरून बाजूला उभा होता. मी त्याच्यासमोर गेलो.

"माहीत होतं?"

"हो."

"तीन आठवडे? रोज माझ्या शेडमध्ये येऊन बसत होता!"

"कॉलेज म्हणालं, सही केली नाही तर सगळंच रद्द. मला वाटलं, तोपर्यंत कुणाचं तरी मन वळवीन. नाही वळलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही चाकं बसवली असती का, खिळेवाले?"

नसती बसवली, आणि हे त्याला ठाऊक होतं. मी त्याला मराठीत अशा शिव्या दिल्या की भाषा न कळताही स्टॅन दोन पावलं मागं सरकला. म्हातारा शिव्या संपल्यावर म्हणाला, "रस्त्यावर चालेल असं समजून बांधलेली एक तरी गाडी मला बघायची होती." आणि काठी घेऊन फाटकाशेजारच्या लहान दारातून निघून गेला.

आम्ही नाटक केलं. सुटाबुटातले पाहुणे हातात कॉफीचे कप घेऊन एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे फिरत होते. मी त्या दिवशी खिळे असे ठोकले की क्रुसाची फळी तडकली. एक बाई मला म्हणाली, "तुमचा राग किती खरा वाटत होता!"

दुपारी दुकानावर आलो तर शोभा पायरीवर बसलेली. चिवडा तसाच. समोर वृद्धाश्रमाच्या पडवीत चाकांच्या खुर्च्या अजून ओळीनं लावलेल्या. सकाळी सातपासून त्यांना अंघोळी घालून, चांगले कपडे घालून बसवलं होतं. एकोणीस जण.

"कुणीच आलं नाही?" मी विचारलं.

"ते आले होते की," शोभा म्हणाली. "तुमचे प्रोफेसर. एकटेच, चालत. इथं रस्त्याच्या मधे उभे राहिले आणि त्यांनी तुमची अख्खी गाडी करून दाखवली. चारही शिपाई तेच. इकडून ओरडायचे, तिकडे जाऊन उत्तर द्यायचे. काठी आडवी खांद्यावर घेतली, हात पसरले नि तसेच उभे राहिले. मोटारी बाजूनं जात होत्या. एक आजी रडायला लागल्या तर त्यांना म्हणाले, गाडी येणार होती, मी शब्द दिला होता, मला माफ करा. तुम्ही कुठं होतात?"

मी गाडीचे दोर सोडवत होतो आणि म्हाताऱ्याला शिव्या देत होतो.

तरीही सांगतो, सौदा गाडीचा झाला होता, काठीचा नाही. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. तो दुकानात यायचा, खिळ्यांच्या मांडणीसमोर उभा राहायचा. मी स्टॅनला पुढं पाठवायचो. एकदा थंडीत स्टॅन नव्हता, मलाच यावं लागलं. त्यानं एक सहा इंची खिळा घेतला, पैसे दिले, थोडा वेळ थांबला. मी पावती दिली. तो गेला. फेब्रुवारीत वारला, ते मला वर्तमानपत्रात कळलं. शोभा अंत्यविधीला गेली. मी दुकान उघडं ठेवलं, आणि दिवसभरात एकही गिऱ्हाईक आलं नाही. त्याच्याशी न बोलल्याचं कर्ज माझं. ते मी कुणाच्या नावावर टाकत नाही.

पण नाटक झाल्यावर गाड्या कॉलेजनं ठेवून घेतल्या होत्या. डीननं आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, हिवाळा कॉलेजच्या शेडमध्ये काढू द्या, पुढच्या उन्हाळ्यात रस्ता नक्की. पुढचा उन्हाळा आला आणि गेला. सहा गाड्या फोडून टाकल्या. आमची तेवढी उरली. गेल्या महिन्यात कॉलेजच्या ग्रंथालयात कुलपांचा माल पोचवायला गेलो, तर दर्शनी दालनात भोवती दोरी बांधून आमची गाडी उभी. पितळी पाटीवर लिहिलंय की ही गाडी नाट्यविभागानं तयार केली. खाली चार सिमेंटचे ठोकळे. चाकं नाहीत.

मी तसाच वर डीनच्या खोलीत गेलो. तो म्हणाला, "चाकांवर असली तर हलेल ना."

"हलण्यासाठीच बांधलीय."

"मुलं चढतील, कुणी पडेल. कमिटीचा निर्णय आहे."

"कमिटीला हात नसतात. पाना कुणाच्या हातात होता?"

त्यानं घड्याळ बघितलं. मला दाराबाहेर काढायला माणूस बोलावला.

म्हणून इथं सगळ्यांदेखत विचारतो. पाटीचं मी सोडून देतो, माझं नाव नाहीतरी त्या पितळेवर धड कोरलं गेलं नसतं. पण चालायला बांधलेल्या गाडीची चाकं कुणाच्या हुकुमावरून काढली आणि ती कुठं टाकली, हे मला हवंय. आणि डीनसाहेब, उत्तर मला पत्रानं पाठवू नका. माझ्या दुकानासमोर या, रस्ता ओलांडा. एकोणिसातले सात जण अजून आहेत, चांगलं ऊन असलं की पडवीत बसतात. त्यांच्यासमोर उभे राहा आणि तुमच्या तोंडानं सांगा, गाडी का आली नाही.